धुळ्याची बदली आणि न्यायाधीशाची वाट

या महिन्यात आलेल्या पत्रांत न्यायाधीशांविषयीची चार पत्रे आहेत. तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी न्यायाधीश म्हणून रुजू होऊन जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हा विषय जिवाभावाचा असणारच. म्हणून वारसाहक्काचे आणि सातबाऱ्याचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी या चार पत्रांनाच उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी यंदा कायद्याची पदवी घेऊन घरी आली. तिला न्यायाधीश व्हायचे आहे. तिचे मामा म्हणतात, की वकिलीत वर्षे न घालवता लगेच जेएमएफसीच्या, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या, परीक्षेला बस. मुलगी म्हणते, की तालुक्याच्या कोर्टात सुरुवात करणारा माणूस तिथेच म्हातारा होतो आणि वर जाणारे सगळे मोठ्या शहरांतले वकील असतात. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे?
— एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. मामा सांगतात तो मार्ग मधल्या काळात खरोखरच खुला होता. २००२ नंतर वकिलीचा अनुभव नसलेल्या नव्या पदवीधरांनाही दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेला बसता येत असे. परंतु २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षे वकिली केलेली असलीच पाहिजे, ही अट पुन्हा घातली. ही वर्षे सनदेची तात्पुरती नोंदणी झाल्या दिवसापासून मोजावयाची आहेत आणि दहा वर्षांहून कमी नाही इतका अनुभव असलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र त्यासाठी लागते. तेव्हा मुलीने आधी सनद घ्यावी, अमळनेरच्याच न्यायालयात एखाद्या जुन्या दिवाणी वकिलांच्या हाताखाली बसावे आणि अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचावी.

ही तीन वर्षे वाया जातील, ही भीती मात्र मनातून काढून टाका. मी पुरेशी वकिली न करता खुर्चीवर बसलो आणि त्याची किंमत पहिल्याच वर्षी कळली. बांधाच्या दाव्यात एका वृद्ध शेतकऱ्याची साक्ष चालू होती. वकील छापील मराठीत विचारत होते, म्हातारबाबा अहिराणीत उत्तर देत होते आणि मी ते प्रमाण मराठीत सांगून टंकलेखकाकडून लिहवून घेत होतो. निंबाचे झाड बांधावर होते की बांधाजवळ, एवढ्यावरच सगळा दावा अडला होता. मी ‘बांधाजवळ’ असे लिहवले. जबानी वाचून दाखवताना बाबांनी पिंजऱ्यातूनच हात वर केला आणि मला थांबवले. शब्द माझा चुकला होता, त्यांचा नाही. ज्याने तीन वर्षे वकिलाच्या कचेरीत पक्षकाराशेजारी बसून त्याच्याच तोंडून त्याची कैफियत ऐकली आहे, त्याच्या हातून अशी चूक सहसा होत नाही.

आता पुढच्या वाटेविषयी. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत पार केली, की कनिष्ठ स्तरावर नेमणूक होते; तोच न्यायाधीश फौजदारी प्रकरणांसाठी न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग, म्हणूनही बसतो. त्यानंतर वरिष्ठ स्तर आणि त्यानंतर जिल्हा न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीशाच्या पदाला आणखी एक दार आहे. राज्यघटनेच्या २३३व्या अनुच्छेदाप्रमाणे किमान सात वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीला थेट या पदावर घेता येते. उच्च न्यायालयासाठी २१७व्या अनुच्छेदात दहा वर्षे न्यायिक पद किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली, असे दोन्ही पर्याय सांगितले आहेत आणि तेथील साधारण एक-तृतीयांश जागा सेवेतल्या न्यायाधीशांमधून भरण्याची रूढी आहे.

मुलीची शंका इथे खरी ठरू लागते. कनिष्ठ स्तरापासून चढत आलेला न्यायाधीश उच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने पन्नाशी ओलांडलेली असते, आणि उच्च न्यायालयात निवृत्ती ६२व्या वर्षी आहे. चाळिशीत उच्च न्यायालयात गेलेल्या वकिलापुढे जितकी वर्षे असतात तितकी याच्यापुढे नसतात. सर्वोच्च न्यायालयासाठी उच्च न्यायालयात किमान पाच वर्षे किंवा वकिलीत किमान दहा वर्षे झालेली असावी लागतात आणि निवडीच्या वेळी ज्येष्ठता पाहिली जाते, त्यामुळे उशिरा आलेल्या माणसाच्या वाट्याला हे दार फार क्वचित येते. आपले भूषण गवई १९८५ मध्ये सनद घेऊन नागपूर खंडपीठात वकिली करत होते, २००३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. हा वकिलीच्या बाजूने गेलेला मार्ग आहे.

तरीही मुलीला एक नाव जरूर सांगा. केरळच्या फातिमा बीबी यांनी १९५० मध्ये सनद घेतली आणि १९५८ मध्ये मुन्सफ म्हणून, म्हणजे न्यायव्यवस्थेच्या अगदी खालच्या पायरीवर, नोकरीला सुरुवात केली. १९६८ मध्ये त्या दुय्यम न्यायाधीश झाल्या, १९७२ मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश आणि १९८३ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. एप्रिल १९८९ मध्ये त्या निवृत्त होऊन घरी गेल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांची सर्वोच्च न्यायालयात नेमणूक झाली आणि त्या न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश म्हणून त्यांनी शपथ घेतली. मुन्सफीपासून तिथवर एकतीस वर्षे लागली. ही वाट लांब आहे, पण बंद नाही. आर. भानुमती १९८८ मध्ये तामिळनाडूत थेट जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडल्या गेल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. मुलीला घाई नसेल, तर दोन्ही दारे तिच्यासाठी उघडी आहेत. मला विचाराल तर पहिली तीन वर्षे तिने परीक्षेचा विचार दुय्यम ठेवून दावे-जबाब लिहायला शिकावे.

प्रश्न : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे काही काळ धुळ्यात न्यायाधीश होते, असे आमचे आजोबा सांगत. पुण्यात एवढे सार्वजनिक काम उभे करणारा माणूस धुळ्यात कसा आला? आणि सरकारला न रुचलेल्या न्यायाधीशाची आजही अशी बदली होऊ शकते का?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : गुरुजी, आजोबांचे म्हणणे खरे आहे आणि ते ज्या कारणाने धुळ्यात आले, ते कारण प्रत्येक वकिलाने आणि न्यायाधीशाने ध्यानात ठेवावे असे आहे.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडचा. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. १८६६ मध्ये कायद्याची पदवी घेतली, काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवले आणि १८७१ मध्ये पुण्यात प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले. दिवसा न्यायासनावर आणि उरलेल्या वेळी सार्वजनिक सभा, व्याख्याने, देशी व्यापाराचा प्रचार, दुष्काळाचे अहवाल, असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांचे निकाल कोणाला खटकले नाहीत, खटकले ते हे बाकीचे. १८७८ मध्ये त्यांना नाशिकला हलवले गेले. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उठले. फडके पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांनी रानड्यांची व्याख्याने ऐकली होती. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या, तेव्हा सरकारचा संशय पुण्यातल्या सुशिक्षित मंडळींवर गेला आणि रानड्यांची तातडीने धुळ्यास बदली झाली.

त्या काळचे धुळे डोळ्यांपुढे आणा. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता; पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ मध्ये झाले. धुळ्याला आगगाडी आलेली नव्हती. पुण्यातल्या सभांपासून आणि वर्तमानपत्रांपासून माणूस दूर ठेवायचा असेल, तर सरकारच्या दृष्टीने ही जागा सोयीची होती. इथे त्यांच्या टपालावर पाळत होती, पत्रे फोडून पाहिली जात. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रे येऊ लागली आणि रानडे ती पाकिटासकट पोलिसांकडे पाठवून देत. मला या सगळ्यात त्या पाकिटांचा प्रसंग फार मोठा वाटतो. ज्या सरकारने आपल्यावर अविश्वास दाखवला, त्याच सरकारच्या न्यायासनावर सकाळी जाऊन बसायचे, समोर आलेल्या सावकाराचा आणि कुणब्याचा दावा त्याच शांतपणे ऐकायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन आपलेच फोडलेले टपाल हातात घ्यायचे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला त्यासाठी किती बळ लागले असेल, हे त्या खुर्चीवर बसून आलेल्यालाच समजेल. त्यांनी राजीनामा दिला नाही आणि काम सैल सोडले नाही.

संशयाला आधार नव्हता, हे सरकारलाही कळून आले. १८८१ मध्ये त्यांची मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून नेमणूक झाली. शेतकरी कर्जमुक्तीसाठी १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी संरक्षण कायदा झाला, त्याच्या अंमलबजावणीच्या कामावर ते गेले आणि १८८७ मध्ये त्या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश झाले. या कामासाठी ते गावोगाव फिरले, सावकाराच्या वहीत काय लिहिलेले असते आणि कुणब्याच्या अंगठ्याखाली काय लिहून घेतलेले असते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. १८८५ मध्ये ते मुंबईच्या कायदे मंडळाचे सभासद झाले. आणि २३ नोव्हेंबर १८९३ रोजी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या अकाली निधनाने रिकाम्या झालेल्या जागी, मुंबई उच्च न्यायालयात.

पुण्याच्या दुय्यम न्यायाधीशापासून उच्च न्यायालयापर्यंत बावीस वर्षे लागली. यात धुळ्याच्या बदलीचा वाटा किती आणि कायद्याच्या रचनेचा किती, हाही प्रश्न विचारला पाहिजे. १८६१ च्या उच्च न्यायालय कायद्यात किमान एक-तृतीयांश जागा बॅरिस्टरांसाठी आणि किमान एक-तृतीयांश सनदी नोकरीतल्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या होत्या; उरलेल्या फटीतून देशी वकील किंवा दुय्यम न्यायाधीश आत जाऊ शकत होता. मुंबईत नानाभाई हरिदास, मग तेलंग, मग रानडे, आणि १९०१ मध्ये रानड्यांनंतर नारायण गणेश चंदावरकर, असा एकामागोमाग एक तो क्रम चालला. म्हणजे बॅरिस्टर नसलेल्या देशी माणसासाठी जणू एकच खुर्ची होती आणि ती रिकामी होण्याची वाट पाहावी लागे. रानड्यांना ती सात वर्षे लाभली. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. रानड्यांची बदली ज्या सरकारने केली, त्याच सरकारच्या हाती त्यांची नेमणूक, पगार आणि बढती होती. राज्यघटनेने ही गाठ सोडवली. २३५व्या अनुच्छेदाने जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवरचे नियंत्रण, म्हणजे नेमणुकीचे ठिकाण, बढती, रजा, हे सगळे उच्च न्यायालयाकडे दिले, आणि १९६५ मध्ये नृपेंद्रनाथ बागची यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिस्तभंगाच्या कारवाईचाही त्यात समावेश असल्याचे सांगितले. धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या न्यायाधीशाला मंत्रालयातून हलवता येत नाही. माझ्याही बदल्यांची पत्रे दर तीन-चार वर्षांनी आली. मुलीच्या चार शाळा झाल्या आणि एका ट्रंकेचे कुलूप तर शेवटपर्यंत बसवलेच नाही. पण त्यातली एकही बदली एखाद्या निकालामुळे झाली, असे मला कधी वाटले नाही, आणि ही गोष्ट लहान नाही.

वरच्या पायऱ्यांवर मात्र धोका राहिला होता. आणीबाणीत, १९७६ मध्ये, उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. गुजरातचे न्यायमूर्ती संकलचंद शेठ यांना आंध्र प्रदेशात पाठवले गेले आणि त्यांनी त्या बदलीला न्यायालयातच आव्हान दिले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी बदली लोकहितासाठीच करता येते, शिक्षा म्हणून नाही, आणि सरन्यायाधीशांशी करावयाची सल्लामसलत नावापुरती असून चालणार नाही. त्याच वर्षी जानेवारीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांची ज्येष्ठता डावलली गेली. आणीबाणीतही माणसाचा जगण्याचा हक्क न्यायालयात मागता येतो, असे भिन्नमत त्यांनी २८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठात एकट्याने दिले होते. सरन्यायाधीशपद दुसऱ्याला मिळाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. खन्ना १९५२ मध्ये पंजाबात जिल्हा न्यायाधीश म्हणून सेवेत आले होते. जिल्ह्याच्या कामावर घडलेला हा माणूस होता, याचा मला व्यक्तिशः अभिमान वाटतो.

१९९३ च्या निकालानंतर नेमणुका आणि बदल्यांत न्यायवृंदाचा, म्हणजे कॉलेजियमचा, शब्द अखेरचा झाला आणि त्याऐवजी आणू घातलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनाबाह्य ठरला. त्यामुळे सरकारला सरळ बदली करता येत नाही. परंतु शिफारस आल्यावर ती महिनोन्‌महिने पडून राहू शकते, एक नाव पुढे जाते आणि दुसरे मागे राहते, आणि न्यायवृंदाने एखाद्या न्यायाधीशाला का हलवले याची कारणे लोकांना सहसा पुरती कळत नाहीत. या दोन्ही गोष्टी मला दोष वाटतात. कारणे लिहून जाहीर केली, तर न्यायाधीशालाही बरे आणि लोकांनाही.

प्रश्न : न्यायाधीश, न्यायमूर्ती आणि न्यायदंडाधिकारी यांत फरक काय? निवृत्तीचे वय सगळ्यांना एकच का नाही? निवृत्तीनंतर त्यांना वकिली करता येते का? नंदुरबारच्या निकालावर अपील कुठे होते?
— एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : न्यायमूर्ती हे संबोधन उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांसाठी आहे; खालच्या न्यायालयांत न्यायाधीश म्हणतात आणि फौजदारी काम पाहणाऱ्या खालच्या स्तरावरील न्यायाधीशाला न्यायदंडाधिकारी. जिल्हा न्यायव्यवस्थेत निवृत्ती ६०व्या वर्षी, उच्च न्यायालयात ६२व्या आणि सर्वोच्च न्यायालयात ६५व्या. वय एकच असावे, असे माझेही मत आहे. वाढीव वर्षांच्या आशेने कोणी वरची खुर्ची धरू नये. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्यांना देशात कुठेही वकिली करता येत नाही. उच्च न्यायालयाच्या कायम न्यायाधीशांना आपण जिथे बसलो ते न्यायालय सोडून दुसऱ्या उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात करता येते. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांची उच्च न्यायालयातील प्रकरणे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात. ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. त्याआधी खानदेशातल्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागत असे.

प्रश्न : माझा वर्गमित्र दोन वर्षांपूर्वी न्यायाधीश झाला. आम्ही दोघे एकाच बाकावर शिकलो. आता तो माझ्या भावाच्या लग्नालाही आला नाही, फोनवर दोन शब्द बोलून ठेवतो. मी वकील आहे, पण त्याच्या न्यायालयात माझे एकही काम नाही. पद मिळाले की माणूस एवढा बदलतो का?
— एक वकील, चोपडा

उत्तर : भाऊ, तुमचा राग मला समजतो, पण मित्राचा दोष मला दिसत नाही. ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांनी मिळून न्यायाधीशाच्या वागणुकीची सोळा सूत्रे स्वीकारली. त्यांत वकिलांशी, विशेषतः आपल्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांशी, निकटची सलगी टाळावी, असे स्पष्ट म्हटले आहे. ती सूत्रे वरच्या न्यायालयांसाठी असली, तरी तालुक्याच्या गावी तीच अधिक कडकपणे पाळावी लागतात, कारण तिथे साहेब कोणाच्या ओसरीवर चहा प्यायले हे तासाभरात बाजारपेठेत पोहोचते. आज तुमचे काम तिथे नाही. उद्या तुमच्या एखाद्या सहकाऱ्याचे असेल, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण येऊन बसेल हे आपल्या हाती नसते.

माझ्या बाबतीत घडलेले सांगतो. केळीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्यात मी असताना एका दाव्यातले वृद्ध वादी मी न्यायालयात असताना घरी आले आणि पहिल्या तोडीचा एक घड ओट्यावर ठेवून गेले. शिपायाने तो आत नेला. संध्याकाळी मला कळले तेव्हा मी तो तसाच परत पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर उघड न्यायालयात ही गोष्ट सांगितली. समोरच्या वकिलांनी आपली काही हरकत नाही, असे सांगितले. तरी मी जिल्हा न्यायाधीशांना कळवले आणि दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग झाला. बाबा मागच्या बाकावरून उठून म्हणाले, “साहेब, पहिला घड देवाला देतो तसा आणला होता.” ते खरे बोलत होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. नव्या न्यायालयात त्यांची तारीख पुढे गेली, पुकाऱ्याची वाट पाहत ते व्हरांड्यात बसलेले मला कित्येक महिने दिसत, आणि मला त्यांच्याशेजारी थांबून चौकशीही करता येत नव्हती.

तुमचा मित्र नुकताच रुजू झालेला आहे, म्हणून तो गरजेपेक्षा जास्तच जपत असेल; चार-पाच वर्षांनी हात थोडा सैल होतो. तोवर फोन कमी करा आणि न्यायालयाच्या गावी त्याला भेटायला जाऊ नका. मे महिन्याच्या सुटीत तो आई-वडिलांकडे गावी येईल, तेव्हा एकट्याने जा. कोणत्याही प्रकरणाचा विषय काढू नका, कोणाचा निरोप नेऊ नका आणि हातात काही घेऊन जाऊ नका.